सदतिसाला एक

कर्जतला गाडी थांबते, वडेवाल्यांच्या हाका सुरू होतात आणि दोन-चार मिनिटांत मागून दणका बसतो. हातातला चहा हिंदकळतो. ‘बँकर लागला,’ कुणीतरी म्हणतं. मग गाडी पळसदरी मागे टाकून बोरघाट चढू लागते.

नववीच्या पुस्तकात ‘कार्य’ भेटतं ते सूत्राच्या रूपात : बल गुणिले विस्थापन, आणि दोघांची दिशा वेगळी असेल तर मधल्या कोनाचा कोसाइन. धन कार्य, ऋण कार्य, शून्य कार्य अशा तीन व्याख्या पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. त्या तिन्ही एका जागी पाहायच्या असतील, तर हा दणका देणाऱ्या बँकरची, म्हणजे गाडीला मागून ढकलणाऱ्या जोड-इंजिनाची, ओळख करून घ्यावी.

बोरघाटाच्या रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाड्या धावू लागल्या. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी मार्ग आखला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच काही आठवड्यांत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी कंत्राट हाती घेऊन ते तडीस नेलं. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर कातळाशी झुंजत होते. सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर चढायचं होतं. सर्वांत तीव्र चढ ‘सदतिसाला एक’ : सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर.

पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवणारही नाही. रेल्वेला मात्र तो घाम फोडतो. हिशोबासाठी हजार टनांची गाडी घेऊ. सपाट रुळावर ती संथपणे चालती ठेवायला दोन-तीन टन वजनाइतकं बल पुरतं, कारण पोलादावर पोलाद फिरताना घर्षण फार थोडं असतं. सदतिसाला एक चढावर मात्र गुरुत्वाकर्षणच तिला सत्तावीस टनांनी मागे ओढतं. एकूण गरज तीस टनांच्या घरात जाते.

आता कार्य मोजू. हजार टन ५५८ मीटर उचलायचे म्हणजे सुमारे ५४७ कोटी ज्यूल, घरच्या मीटरच्या भाषेत दीड हजार युनिट वीज. या चढाईत गुरुत्वाकर्षणाचं कार्य ऋण, कारण ते गतीच्या उलट दिशेला ओढतं. चाकांच्या लोळण्यातलं घर्षणही ऋण कार्य करतं, पण ते साठ-सत्तर कोटी ज्यूलच. रूळ गाडीला खालून जो आधार देतो तो गतीला काटकोनात, म्हणून त्याचं कार्य शून्य.

मग गाडीला पुढे ढकलतं कोण? इथेही घर्षणच. इंजिनाचं चाक रुळाला मागे रेटतं आणि रूळ घर्षणाच्या जोरावर चाकाला पुढे रेटतो. गंमत अशी, की चाक घसरत नाही तोवर रुळाला टेकलेला त्याचा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. बल आहे, पण त्या बिंदूचं विस्थापन नाही. म्हणून या घर्षणाचं कार्य शून्य! ऊर्जा मोटर देते, घर्षण फक्त पाय रोवायला जागा देतं. चाक जागच्या जागी गरगरलं की मात्र हेच घर्षण खरोखर कार्य करू लागतं. ऊर्जा उष्णतेत जाते आणि रुळावर जळल्याचे डाग पडतात.

ही पकड इंजिनाच्या वजनावर ठरते. १२० टनांचं इंजिन कोरड्या रुळावर छत्तीस टनांपर्यंत जोर लावू शकतं. आषाढातल्या ओल्या रुळावर ते अठरावर येतं, आणि त्यातले तीन टन स्वतःलाच वर न्यायला लागतात. म्हणून चाकापुढे वाळू सोडतात आणि मागून बँकर लावतात. मागूनच लावण्याचंही कारण आहे : सगळा ताण पुढच्या कपलिंगवर येत नाही, आणि डबे सुटलेच तर त्यांना मागे टेकू असतो. २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत. पकड गाडीभर वाटली गेली आहे.

खरी परीक्षा उतरताना. वर जाताना साठवलेले ते ५४७ कोटी ज्यूल आता गुरुत्वाकर्षण परत करतं. घर्षणच नसतं तर पायथ्याला गाडीचा वेग ताशी ३७५ किलोमीटर झाला असता. म्हणून ब्रेक लावून ती ऊर्जा उष्णतेत जिरवत, गाडी हळूहळू उतरवतात. आजची थ्री-फेज इंजिनं उतारावर मोटरींना जनित्र बनवून त्यातली काही वीज तारेत परत पाठवतात. एवढं करूनही गाडी आवरेना, तर कॅच सायडिंग आहे : मुख्य मार्गातून फुटून चढत गेलेली, वाळू भरलेली आडवाट. तिथे चढाचं ऋण कार्य आणि वाळूचं घर्षण मिळून गाडीला रोखतात.

पुस्तकातल्या उदाहरणांत ‘घर्षण नगण्य माना’ असं लिहिलेलं असतं. बोरघाटात तसं मानून ना गाडी चढेल, ना उतरेल. उतरणीवर ठेवलेल्या त्या लाकडी ठोकळ्याच्या जागी मुलांना एकदा ही हजार टनांची गाडी द्यावी, आणि खंडाळ्याला पोचेपर्यंत किती युनिट लागली ते त्यांनाच काढू द्यावं.