बर्थडे? २६ जुलै!

"तुझा बर्थडे कधी गं?" ऑफिसात कुणी विचारलं की मी आधी मनाची तयारी करते. "२६ जुलै" म्हटलं रे म्हटलं, की समोरच्याचा महापूर सुरू! २००५ साली सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. माझा केक अडकलेल्या अठरा जणांनी रात्रीचं जेवण म्हणून संपवला. (माझ्या वाट्याला चेरी.) १९९९चा कारगिल विजय दिवसही हाच.

बाबा मात्र तिसरंच साल सांगतात. २६ जुलै १९०२. शाहू महाराजांनी हुकूम काढला, कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना द्यायच्या. त्यानंतर काही वर्षांनी आमचे पणजोबा तिथे कारकून झाले. घरात आलेला पहिला पगार तो!

हे मी ऑफिसात कधीच बोलले नव्हते. आरक्षणाचा विषय निघाला की कॅन्टीनमध्ये नजरा कशा फिरतात, ठाऊक आहे ना? यंदा केक कापताना सांगूनच टाकलं. दोन सेकंद सगळे गप्प. मग अकाउंट्सवाला म्हणाला, "पणजोबांना पगार किती होता गं?"

मी तिथूनच बाबांना फोन लावला.