टांगून राहणं वेगळं, वर चढणं वेगळं

पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या मुली आता गावोगाव दिसतात. पळण्याची तयारी त्या मन लावून करतात. पण हात, खांदे आणि पाठीच्या ताकदीचं काय? ही ताकद मोजायची कशी, यावर अमेरिकेच्या मरीन सैन्यात बरीच वर्षं खल चालला. तो आज समजून घेऊ.

तिथे पुरुषांना पुल-अप्स काढावे लागत. म्हणजे लोखंडी बारला लटकायचं आणि हनुवटी बारच्या वर जाईपर्यंत स्वतःचं अंग ओढून न्यायचं. कमीत कमी ३, पूर्ण गुणांसाठी २०. बायकांची परीक्षा वेगळी. हनुवटी बारच्या वर ठेवून, कोपर वाकवून नुसतं टांगून राहायचं. १५ सेकंदांना पास, ७० सेकंदांना पूर्ण गुण.

टांगून राहायलाही दम लागतो. पण लढाईत भिंत चढावी लागते, जखमी सोबत्याला ओढून न्यावं लागतं. ते जमेल का, हे टांगून राहण्यावरून नीट कळत नाही. म्हणून २०१२ च्या अखेरीस ठरलं, की जानेवारी २०१४ पासून बायकांनीही किमान ३ पुल-अप्स काढायचे. २०१३ मध्ये चाचणी घेतली, तर प्रशिक्षण संपत आलेल्या दर १०० मुलींपैकी ५५ जणींना ३ पुल-अप्स जमले नाहीत. मुलांमध्ये न जमणारा शंभरात एखादाच. नियम तसाच लावला असता तर चांगल्या मुली हातच्या गेल्या असत्या. म्हणून तो पुढे ढकलला.

मग मुली आळशी होत्या का? मुळीच नाही. वयात येताना मुलांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक खूप वाढतं आणि खांदे, छाती, दंडांचे स्नायू भरतात. त्यामुळे पायांच्या ताकदीत स्त्री-पुरुषांत जेवढा फरक असतो, त्याहून जास्त हातांच्या ताकदीत असतो. शिवाय पुल-अपमध्ये स्वतःचंच वजन उचलायचं असतं. पण ही सरासरीची गोष्ट झाली. सरावाने बाईचेही स्नायू बळकट होतात. नुसतं टांगून राहण्याचा सराव केला, तर ओढण्याची ताकद फारशी येत नाही. जी परीक्षा, तीच तयारी होते.

२०१७ पासून तिथे टांगून राहणं बंद झालं. स्त्री असो वा पुरुष, पुल-अप्स किंवा जोर यांतलं एक निवडायचं. मात्र जोर काढून पूर्ण गुण मिळत नाहीत. पूर्ण गुण हवे असतील तर बार धरायलाच हवा. याशिवाय लढाईच्या कामाची आणखी एक परीक्षा असते. तिच्यात सुमारे साडेतेरा किलोची दारूगोळ्याची पेटी दोन मिनिटांत जमेल तितक्या वेळा डोक्यावर उचलायची. पेटीचं वजन सगळ्यांना सारखंच.

आता आपल्याकडे बघू. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलींना धावण्याबरोबर ४ किलोची गोळाफेक असते. म्हणजे खांद्याची ताकद तिथेही मोजली जाते. नुसतं पळून भागत नाही.

तयारी घरच्या घरी सुरू करता येते. आधी भिंतीला हात टेकून जोर काढा. मग ओट्याला, मग जमिनीवर गुडघे टेकून आणि शेवटी पूर्ण जोर. बार असेल तर स्टुलावर चढून हनुवटी वर न्या, पाय सोडा आणि सावकाश खाली या. खाली येतानाही स्नायू कमावले जातात. आठवड्यातून तीन दिवस पुरे. मधले दिवस विसावा. रक्त कमी असेल तर आधी तपासून घ्या. जेवणात डाळ, शेंगदाणे, अंडी असू द्या. खांदा दुखला तर थांबा.

विहिरीतून पोहरा ओढणारे हात कमजोर नसतात. त्यांना परीक्षेची सवय तेवढी लावायची आहे. तुमच्या गटातली एखादी लेक भरतीला जाणार असेल, तर हे तिला जरूर सांगा.