पाटी लावण्याआधी (भाग ७) : साठ पदार्थांचं कार्ड

या आठवड्यात परवान्यांविषयी लिहायचं कबूल केलं होतं. ते आणखी आठ दिवस थांबू द्या, कारण सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न परवान्यांच्याही आधीचा आहे. निवृत्तीनंतर पती-पत्नी मिळून वीस खुर्च्यांचं उपाहारगृह काढणार आहेत. हॉटेलच्या धंद्याचा अनुभव दोघांनाही नाही. पत्रासोबत त्यांनी मेन्यूकार्डाचा मसुदा पाठवला आहे. कांदेपोह्यांपासून व्हेज मंचुरियनपर्यंत त्यात साठ पदार्थ आहेत आणि खाली प्रश्न आहे, 'आणखी काय वाढवावं?' माझं उत्तर असं, की यातले चोपन्न काढावेत. नवख्या माणसाच्या ताब्यात फार थोड्या गोष्टी असतात. भाडं मालक ठरवतो, गॅस सिलिंडरची किंमत कंपनी ठरवते, समोरच्या रस्त्यावरची वर्दळ कुणीच ठरवत नाही. कार्डाची लांबी मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि अनुभवाची उणीव भरून काढण्याचं तिच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

हे पटण्यासाठी आधी अनुभव म्हणजे काय ते पाहायला हवं. बहुतेकांना वाटतं, अनुभव म्हणजे हाताची चव. पण चव अनेक घरांत असते; तिच्याच बळावर लोक या धंद्यात येतात. मुरलेल्या हॉटेलवाल्याकडे चवीपलीकडे जे असतं त्याला आपल्या भाषेत फार चांगला शब्द आहे : अंदाज. सोमवारी पाऊस असला तर वडे किती जातील, महिनाअखेरीला थाळ्या किती कमी होतील, डाळ-तांदूळ किती भिजत घालायचे, दुपारी दीडला किती रस्सा उरलेला असला म्हणजे नवा टाकायचा, हे त्याला सांगता येतं. ते पुस्तकातून येत नाही आणि दुसऱ्याचं उसनंही घेता येत नाही, कारण तो अंदाज त्या कोपऱ्यावरच्या त्या दुकानाचा असतो. कार्डावरचा प्रत्येक पदार्थ म्हणजे रोज सकाळी करायचा एक अंदाज. साठ पदार्थ छापणारा नवखा माणूस पहिल्याच दिवशी स्वतःकडून साठ अंदाज मागतो, आणि त्यातला एकही त्याला अजून करता येत नसतो.

थोडं गणित मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत. समजा, या उपाहारगृहात रोज १२० प्लेट जातात. कार्डावर सहा पदार्थ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २० प्लेट येतात; साठ असतील तर दोन. गिऱ्हाइकं आपापल्या मर्जीनं येतात आणि मागवतात असं धरलं, तर संख्याशास्त्राचा नियम सांगतो की रोजचा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे सरासरी २० प्लेट जाणारा पदार्थ बहुतेक दिवशी ११ ते २९ च्या दरम्यान जाईल; सरासरी दोन जाणारा कधी एकही जाणार नाही, तर कधी पाच जातील. कुणालाही 'नाही' म्हणावं लागू नये म्हणून पहिल्याची २९ प्लेटची तयारी ठेवावी लागते आणि दुसऱ्याची पाच प्लेटची. आता बेरीज करा. सहा पदार्थांच्या कार्डाला १२० प्लेट विकण्यासाठी १७४ प्लेटची तयारी पुरते. साठ पदार्थांच्या कार्डाला तेवढ्याच विक्रीसाठी ३०० प्लेटची लागते. गल्ल्यात येणारा पैसा दोन्हीकडे सारखाच. एकीकडे ५४ प्लेटचा माल टांगणीला, दुसरीकडे १८०. हीच गोष्ट हाताच्या सवयीची. सहा पदार्थांचं कार्ड असेल तर महिन्याभरात प्रत्येक पदार्थ सुमारे ६०० वेळा हाताखालून जातो, साठांचं असेल तर ६० वेळा. जो पदार्थ दिवसाला दोनदाच होतो, त्याची चव गुरुवारी वेगळी आणि शनिवारी वेगळी लागली तर दोष आचाऱ्याचा नाही; त्याला तो पदार्थ हातात बसवायची संधीच मिळालेली नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. उडपी हॉटेलात शंभरावर पदार्थ असतात आणि ती पिढ्यानपिढ्या चालतात, त्याचं काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर त्या स्वयंपाकघरातच आहे. तांदूळ आणि उडदाच्या पिठातून इडली, साधा डोसा, उत्तप्पा निघतो. बटाट्याची भाजी डोशात गेली की मसाला डोसा, बेसनात बुडवली की बटाटावडा. सांबार आणि चटणी बहुतेकांबरोबर तीच. डोशाच्या पानावर वीस नावं असली तरी आत मूळ तयाऱ्या पाच-सहाच असतात. पंजाबी पदार्थ देणाऱ्या हॉटेलांतही असंच असतं. कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू-मगजाची पांढरी आणि मखनी एवढ्या तयार असल्या की पनीरच्या आणि भाज्यांच्या डझनावारी नावांची सोय होते. तेव्हा मोजायचं ते कार्डावरच्या ओळींना नव्हे, स्वयंपाकघरातल्या तयाऱ्यांना. वर मांडलेलं गणितही खरं तर तयाऱ्यांचं आहे : ज्या पदार्थांची तयारी सामाईक आहे, त्यांचे चढउतार एकमेकांत मिसळून जिरतात. सांगलीच्या मसुद्यात पोहे, पावभाजी, मंचुरियन, थालीपीठ आणि पनीर टिक्का शेजारीशेजारी आहेत. यांतल्या कोणत्याही दोघांचं मूळ एक नाही. तिथे साठ नावांमागे जवळजवळ तितक्याच तयाऱ्या आहेत. शिवाय उडपी हॉटेलांची परंपरा आधी स्वयंपाकघरात काम आणि मग मालकी अशी आहे. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला पिठाच्या आंबण्याची जाण असते. ती जाण नसताना त्यांच्या कार्डाची लांबी तेवढी उचलणं म्हणजे पाया न घालता मजले चढवणं.

अननुभवी माणसांनी अंदाजाचं ओझं कमी करून धंदा टिकवल्याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईच्या गिरणगावात आहे. घरदार गावी ठेवून आलेल्या हजारो कामगारांना चाळीतल्या खोल्यांमधून बायकांनी जेवू घातलं. या खाणावळवाल्यांपैकी कुणी हॉटेलात उमेदवारी केली नव्हती. भांडवल इतकं तुटपुंजं, की किराणा उधारीवर यायचा. त्यांनाच संघटित करून बँकांची कर्जं मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मांडणीच्या दृष्टीनं पाहिलं तर खाणावळ ही नवख्यांसाठी जवळजवळ निर्दोष रचना होती. जेवणारे महिन्याचे ठरलेले, त्यामुळे डोकी मोजलेली. भाजी कोणती हे ठरवणारी बाई, त्यामुळे निवडीचा प्रश्न नाही. अंदाज करायला जागाच उरत नव्हती. माटुंग्याचं १९४२ पासूनचं रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग केळीच्या पानावरच्या जेवणासाठी ओळखलं जातं. तिथेही पानावर काय पडेल हे मुळात स्वयंपाकघर ठरवतं. आणि सकाळी लावलेला मिसळीचा कट संपला की 'माल संपला' अशी पाटी लावणारी दुकानं महाराष्ट्राच्या गावोगावी आहेत. त्या पाटीला लोक हट्टीपणा म्हणतात. मला ती शिस्त वाटते : आजचा अंदाज आज संपला, उद्यासाठी शिळं काही उरलं नाही.

दुसरा आक्षेप लहान गावातून हमखास येतो. गिऱ्हाईक रोजचंच असतं, सहा पदार्थांना ते पंधरा दिवसांत कंटाळेल. कंटाळा खरा आहे. त्यावरचा उपायही खाणावळीतच सापडतो. तिथे जेवणाऱ्याला निवड नव्हती, पण आज वांगं तर उद्या मटकी अशी भाजी बदलत असे. म्हणजे वैविध्य होतं, ते एका दिवसाच्या कार्डावर नव्हतं, आठवड्याच्या वारांवर पसरलेलं होतं. कायमचे पदार्थ चार-पाच ठेवावेत आणि एक जागा वाराला द्यावी : सोमवारी थालीपीठ, मंगळवारी दडपे पोहे, संकष्टीला आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, श्रावणात उपासाची थाळी. वर्षाकाठी पंचवीस-तीस वेगवेगळे पदार्थ होतील, पण एका सकाळी नवा अंदाज करावा लागेल तो एकाच पदार्थाचा. आणि थालीपीठ सोमवारीच मिळतं हे कळलेला माणूस सोमवारची आठवण ठेवून येतो. चौघांच्या कुटुंबात एकाला नूडल्स हव्या असतात, ते कुटुंब आपल्याला मिळणार नाही, हे मात्र मान्य करावं. वीस खुर्च्या भरायला सगळ्या गावाची गरज नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सहाच पदार्थ ठेवायचे, पण कोणते सहा? अनुभवच नाही तर ही निवड तरी कशाच्या जोरावर करायची? इथे कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या मॅकडोनाल्ड बंधूंकडे पाहावं. रिचर्ड आणि मॉरिस हे दोघे चित्रपटसृष्टीतली छोटी कामं करून आणि चित्रपटगृह चालवून या धंद्याकडे वळले होते. १९४० साली सुरू केलेलं त्यांचं ड्राइव्ह-इन उत्तम चाललं असताना १९४८ मध्ये त्यांनी ते काही महिने बंद ठेवलं आणि पंचवीस पदार्थांचं कार्ड नवावर आणलं. विक्रीतला मोठा वाटा एकट्या हॅम्बर्गरचा आहे, हे त्यांना हिशेबातून कळलं होतं. मग टेनिस कोर्टवर खडूनं नव्या स्वयंपाकघराचा आराखडा आखून, माणसांना त्यात हालचाली करायला लावून त्यांनी मांडणी ठरवली. कोणते नऊ, हे त्यांनाही पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं. आठ वर्षांच्या बिलांनी ते सांगितलं. म्हणून पहिली निवड अचूक असण्याची अपेक्षा धरू नये. ज्यांची तयारी एकमेकांच्या उपयोगी पडते असे सहा घ्यावेत आणि रोज एका वहीत प्रत्येकापुढे तीन नोंदी कराव्यात : किती गेले, किती वाजता संपले, किती टाकून द्यावे लागले. सहा पदार्थ असले तर चुकीची निवड महिन्याभरात आकड्यांत उघडी पडते. साठ असले तर दोन-तीन प्लेटच्या चढउतारात खरं काय ते वर्षभरही कळत नाही. पुढेही एक नियम पाळावा : नवा पदार्थ आला की जुना एक गेला पाहिजे.

आखूड कार्ड हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे असं मी म्हणत नाही. मागच्या भागात ओहायोतल्या कोलंबसच्या उपाहारगृहांची पाहणी पाहिली, पहिल्याच वर्षात २६ टक्के टिकली नव्हती; त्याच पाहणीत आणखी एक निरीक्षण आहे. तुमच्या जागेची कल्पना काय, असं विचारल्यावर अपयशी मालक फक्त खाद्यपदार्थांबद्दल बोलत. टिकलेल्यांना त्यापलीकडचंही सांगता येत असे. सहा पदार्थ छापले म्हणून ओळख आपोआप तयार होत नाही. भाडं विक्रीला झेपणारं नसेल तर सहाही पदार्थ वाचवणार नाहीत. आणि खाणावळींचा आधार १९८२ च्या गिरणी संपानं खचला, तो त्यांच्या पानात पदार्थ थोडे होते म्हणून नव्हे, तर सगळे जेवणारे एकाच पगारावर अवलंबून होते म्हणून. थोडे पदार्थ असणं आणि एकाच प्रकारचं गिऱ्हाईक असणं हे दोन वेगळे धोके आहेत. दुसऱ्याची भीती पहिल्यावर काढू नये.

सांगलीच्या दांपत्याला एवढीच विनंती आहे. छापखान्यात जाण्याआधी तो मसुदा पुढे घ्या आणि प्रत्येक नावापुढे त्याला लागणाऱ्या मूळ तयाऱ्या लिहा. जी तयारी एकाच पदार्थापुरती आहे, तिच्यावर काट मारा. जे उरेल त्यातले सहा निवडा आणि कार्ड छापू नका. फळ्यावर खडूनं लिहा, म्हणजे बदलताना जिवावर येणार नाही. सहा महिन्यांनी वही पाहून सातवा पदार्थ घ्यायचा की नाही ते ठरवा. तोवर अंदाज तुमचा स्वतःचा झालेला असेल. परवाने पुढच्या आठवड्यात.