एका सेकंदात चौदा लाख बिट

सीडीवरच्या संगीताचा एक सेकंद म्हणजे १४,११,२०० बिट. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. एवढ्या बिटांच्या उलटापालटीतून एका सेकंदाचे किती निरनिराळे ध्वनी होऊ शकतात? ती संख्या लिहायला ४,२४,८१४ अंक लागतात. पानावर दोन हजार अंक छापले तर २१२ पानं भरतील, आणि एवढं करून लिहिली गेली असेल फक्त एक संख्या. दृश्य विश्वातल्या अणूंची अंदाजी संख्या साधारण ८० अंकांत आटपते.

म्हणूनच रेकॉर्डिंग संगणकावर साठवताना ‘एक्सपोर्ट’च्या खिडकीत घाईघाईत ‘एमपीथ्री, १२८’ निवडलं जातं, तेव्हा मला वाईट वाटतं. १२८ म्हणजे सेकंदाला १,२८,००० बिट, मूळच्या अकराव्या हिश्श्याइतके.

आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. एमपीथ्री गाण्याचे १,१५२ नमुन्यांचे तुकडे पाडतं. असा तुकडा जेमतेम २६ मिलिसेकंदांचा असतो, सेकंदाला अडतीसच्या वर तुकडे होतात. दोन्ही चॅनल धरून एका तुकड्यात ४,६०८ बाइट असतात आणि त्यांना सरासरी ४१८ बाइटांत बसायचं असतं. थोडी बचत बिटांच्या हुशार बांधणीतून होते, पण बरीचशी होते ती ऐवज टाकून देऊन. मोठ्या स्वराच्या आड कानाला न जाणवणारे बारीक स्वर कोणते, हे ताडून त्यांच्यावर कमी बिट खर्च केले जातात. हे ताडण्यासाठी माणसाच्या कानाचा जो अभ्यास झाला, त्याला माझा सलाम आहे. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रँडनबर्ग यांनी ही पद्धत घासूनपुसून घेतली ती सुझान व्हेगाच्या ‘टॉम्स डायनर’ या गाण्यावर. साथीला एकही वाद्य नसलेला तो आवाज सुरुवातीला फार बिघडायचा.

आपल्या संगीतात कसोटीची जागा वेगळी आहे. तबल्यावर ‘ना’ वाजतो, त्याच्या आधी क्षणभर शांतता असते. बिट अपुरे असले की त्या तुकड्यातली खरखर पुढेमागे पसरते आणि थापेच्या आधीच अस्पष्ट ‘फस्’ ऐकू येतं. एन्कोडर अशा वेळी तुकडे आणखी बारीक करून सावरू पाहतो, पण १२८ मध्ये त्याच्या हाताशी तेवढे बिट नसतात. शिवाय साधारण १६-१७ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं बहुतेक वेळा आधीच कापलेलं असतं. तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी मग उणावते. ३२० ला हा त्रास बराच कमी होतो. मित्रांना पाठवायला, मोबाइलवर ऐकायला ते पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जपून ठेवायला मात्र नाही. तासाभराची मैफल काहीच न टाकणाऱ्या वेव्ह फाइलमध्ये ६३५ एमबी, ३२० च्या एमपीथ्रीत १४४, १२८ मध्ये ५८. फ्लॅक हा फाइलचा प्रकार वेव्ह आणि एमपीथ्री यांच्या मधे कुठेतरी बसतो, बहुधा वेव्हच्या निम्म्याच्या आसपास, आणि उलगडला की मूळचा एकूण एक बिट परत मिळतो. १२८ ची फाइल पुन्हा वेव्ह केली तर ती ५८ वरून ६३५ वर जाते, पण गेलेला स्वर परत येत नाही. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केलं तर आणखी जातो.

जागेची सबब आता उरलेली नाही. एक टीबीच्या डिस्कवर वेव्हचेच १,५७४ तास मावतात. रात्रंदिवस ऐकलं तरी पासष्ट दिवस पुरतील. तेव्हा घरातल्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवणार असाल, गुरुजींची शिकवणी किंवा आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या असतील, तर पहिली एक्सपोर्ट फ्लॅकमध्ये करा आणि तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. एमपीथ्री त्यातून कधीही करता येईल.