कायमचा पत्ता

पहाटे ५. मे महिन्यात नागपुरात सकाळ दोन-तीन तासांचीच असते, म्हणून गजर. धरमपेठेतली ही वरची खोली महिन्याच्या बोलीवर घेतली आहे. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडून दोन वर्षं झाली. संसार म्हणजे एक सॅक, लॅपटॉप, दोन कंपन्यांची सिमकार्डं आणि एक्स्टेन्शन बोर्ड. यातलं बोर्ड सगळ्यांत मोलाचं, कारण भाड्याच्या खोल्यांत प्लग नेहमी पलंगाच्या मागे असतो.

६.१५. फुटाळा तलावाला चक्कर. परतताना तर्री पोहे. हरभऱ्याचा लालभडक रस्सा पोह्यांवर पडतो आणि नाकातून पाणी येतं. "ताई, अजून टाकू का तर्री?" गाडीवाले दादा रोज विचारतात, मी रोज नाही म्हणते, ते रोज टाकतात.

८. मेल बघणं, कपडे वाळत घालणं. अर्ध्या तासात वाळतात.

९. कूलर. नागपुरातल्या माझ्या दिवसाचा खरा मालक हाच. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, तळाशी पाण्याची टाकी, आत छोटा पंप. सकाळ-संध्याकाळ टाकी भरायची. सुरुवातीला मी खिडक्या घट्ट लावून बसले आणि दुपारी खोलीचं न्हाणीघर झालं. खालून काकू आल्या. "खिडकी काहून लावली? हवा बाहेर जाईल कुठून?" अशा साध्या गोष्टी त्या-त्या गावात कायम राहणाऱ्यालाच ठाऊक असतात. माझं फिरतं आयुष्य अशा न फिरणाऱ्या माणसांच्या भरवशावर चालतं.

१२.३०. ऑफिस जर्मनीत, तिथले नऊ म्हणजे उन्हाळ्यात इथले साडेबारा. रस्ते ओस पडतात तेव्हा माझं काम सुरू होतं. काम सॉफ्टवेअर तपासायचं. आज एक फॉर्म आहे. 'कायमचा पत्ता' रिकामा ठेवला की पुढे सरकतच नाही. हा दोष नाही, नियम आहे, असं तिकडून उत्तर आलं. मी 'झीरो माईल, नागपूर ४४०००१' टाकलं. वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे, एवढंच तिथं आहे. फॉर्मनं मुकाट्यानं घेतलं.

खऱ्या आयुष्यात असं जमत नाही. बँकेचं नवं कार्ड पुण्याच्या जुन्या पत्त्यावर जाऊन 'इथे राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत गेलं.

४.१०. लाईन गेली. राउटर बंद, कूलर बंद. इन्व्हर्टरवर फक्त पंखा, तोही गरम हवा ढवळणारा. फोनचं नेट लावून मीटिंग काढली. आवाज तुटत होता, कॅमेरा बंद ठेवला. घामाघूम चेहरा बर्लिनला दाखवायची गरज नव्हती.

७. दहा मिनिटं सुट्टी. काकूंनी सांभारवडी पाठवली. इथे सांभार म्हणजे कोथिंबीर, हे कळायला मला पहिला घास लागला.

या भटकेपणाचं कुणी कौतुक केलं की मला विनोबा आठवतात. पवनार इथून फार लांब नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये तिथून पायी निघाले, ते १९६४ मध्ये परतले. भूदान मागत रोज नवं गाव, आणि काम चालता-चालताच. पुढच्या मुक्कामाला त्यांची कुणीतरी वाट पाहत असे. माझ्या पुढच्या मुक्कामाहून बुकिंगचा मेसेज येतो.

९. लॅपटॉप मिटला.

९.३०. अंगणात खुर्च्या. काकूंना कार्डाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. "आमचा पत्ता दे नं. मी कुठं जाऊन राहिली?"

फोनवर बँकेला पत्ता सांगितला. घर क्रमांक, गल्ली, धरमपेठ. कार्ड यायला सात दिवस लागतील म्हणाले. माझी गाडी गुरुवारी, म्हणजे चौथ्या दिवशी. तिकीट पुढे ढकलायचं की कार्ड काकूंनी मागून पाठवायचं, ते उद्या ठरवू. आधी टाकी भरते, पंप कोरडा फिरतोय.