बाळाचा दाखला, बाळाचे कार्ड

घरात बाळ आले. पाचवी झाली, बारसे झाले, पेढे वाटले. आता एक काम उरते. बाळाचे कागद करायचे. पहिला कागद जन्माचा दाखला. दुसरा कागद आधार कार्ड.

आधारची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली. नंदुरबार जिल्ह्यात टेंभली नावाचे लहानसे गाव आहे. तेथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. आता तान्ह्या मुलाचेही कार्ड निघते. नव्याने नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

तरी पुष्कळ आईबाप केंद्रावर जातात आणि हात हलवत परत येतात. केंद्रावरचा माणूस कोणाला म्हणतो, "नाव जुळत नाही." कोणाला म्हणतो, "तारीख जुळत नाही." दिवसाची मजुरी बुडते. एस.टी.चे भाडे जाते. काम मात्र होत नाही. मग बाहेर कोणी तरी भेटतो. "मी जुळवून देतो, इतके पैसे द्या," म्हणतो. येथेच माणूस फसतो.

कागद का जुळत नाहीत आणि ते सरळ मार्गाने कसे जुळवायचे, हे आम्ही येथे सांगणार आहोत. सावकाश वाचा. एका बैठकीत सगळे झाले नाही तरी चालेल.

कागद का जुळत नाहीत?

माणसाचे नाव एक, पण ते घ्यायच्या तऱ्हा चार. समजा, बापाचे नाव दत्तात्रय आहे. आई त्याला दत्तू म्हणते. गाव दत्ता म्हणते. शाळेत दत्तात्रय लिहिले गेले. मतदार यादीत दत्तात्रेय छापले गेले. माणूस तोच आहे. पण कागदाला माणूस दिसत नाही. त्याला अक्षरे दिसतात. एक मात्रा वाढली की कागद म्हणतो, हा दुसरा.

बायकांचे आणखी अवघड. कोठे सुमन, कोठे सुमनबाई. माहेरचे आडनाव एक, सासरचे दुसरे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. दवाखान्यात नाव सांगायला मामा जातो, नाही तर आजोबा जातात. त्यांच्या तोंडी मुलीचे माहेरचे नाव बसलेले असते. तेच दाखल्यावर येते. आईच्या आधारवर मात्र सासरचे नाव असते. दोन कागद शेजारी ठेवले की काम अडते.

बाळाच्या नावाचेही तसेच. जन्माची नोंद होते तेव्हा बहुधा बारसे झालेले नसते. नावाची जागा कोरी राहते. पुढे पाळण्यातले नाव एक, राशीचे नाव दुसरे, हाक मारायचे नाव तिसरे. अंगणवाडीत गेल्यावर बाई विचारतात, "नाव काय?" आपण हाक मारायचे नाव सांगून मोकळे होतो.

तारखेची गोष्ट निराळी. पूर्वी आईबापांना तारीख ठाऊक नसे. "आखाजीच्या सुमारास झाला," "पोळ्याच्या आदल्या दिवशी झाली," असे सांगत. शाळा जूनमध्ये भरे. मग रजिस्टरात १ जून ही तारीख पडे. म्हणून जुन्या पिढीत १ जूनचा जन्म असलेली माणसे गावोगाव भेटतात. त्या पिढीचे निभावून गेले. आताच्या मुलांचे निभणार नाही.

शेवटचा घोटाळा इंग्रजी अक्षरांचा. दीपक हे नाव घ्या. त्यातली दीर्घ ई इंग्रजीत कोणी आय या एका अक्षराने लिहितो. कोणी ई हे अक्षर दोनदा लिहितो. मराठीत दोन्ही दीपकच. इंग्रजीत मात्र दोन नावे झाली.

एक फरक मात्र चूक नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली एक निर्णय केला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदांत लिहिताना आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहायचे. म्हणून थोरल्या भावाच्या कागदावर आईचे नाव मध्ये नसेल आणि धाकट्या बहिणीच्या कागदावर असेल. हे पाहून घाबरू नये.

मूळ कोणते, फांदी कोणती?

पान पिवळे पडले तर शेतकरी पानाला हिरवा रंग लावीत नाही. तो मुळाशी बघतो. कागदांचेही असेच आहे. जन्माची नोंद हे मूळ. आधार कार्ड, शाळेचे रजिस्टर, रेशनकार्ड या फांद्या. मुळात चूक असली की ती प्रत्येक फांदीत उतरते.

जन्म आणि मृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. तो २०२३ साली सुधारला. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारणा लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख सिद्ध करायला जन्माचा दाखला हाच कागद चालतो. शाळेत घालायचे असो, आधार काढायचे असो, पुढे मतदार यादीत नाव घालायचे असो, दाखला तोच. आधार कार्डावर जन्मतारीख असते खरी. पण आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे. ती केवळ ओळख आहे.

म्हणून आमचे सांगणे एकच. आधी नोंद तपासा, चूक असेल तर ती दुरुस्त करून घ्या, मगच कार्ड काढा. आधी पाया, मग कळस.

कोणी म्हणेल, "आज कार्ड काढू, चूक मागाहून बघू." तसे करू नका. आधारवरची जन्मतारीख जन्मात एकदाच बदलता येते. नाव दोनदाच बदलता येते. ती संधी बाळपणीच खर्च झाली, तर पुढे नोकरीच्या वेळी मुलाने काय करायचे?

नोंद कोठे असते?

जन्म ज्या ठिकाणी झाला, तेथेच नोंद होते. आपण राहतो तेथे नव्हे. बाळ माहेरच्या गावात जन्मले असेल तर नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत. तालुक्याच्या गावी दवाखान्यात जन्मले असेल तर त्या ठिकाणच्या निबंधकाकडे. जन्माची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला निबंधक म्हणतात. खेड्यात हे काम आपले ग्रामसेवक भाऊसाहेब पाहतात. दुरुस्तीही तेथेच होते. दुसऱ्या कार्यालयात दहा खेटे घातले तरी होणार नाही.

जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. त्याला पैसे नाहीत. जन्म दवाखान्यात झाला तर खबर दवाखाना देतो. घरी झाला तर घरच्यांनी द्यायची. २१ दिवस टळले, पण ३० दिवस झाले नाहीत, तर विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत वरच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. जितका उशीर, तितके जिने वाढतात.

चूक कशी दुरुस्त होते?

नावाची जागा कोरी असेल तर ती चूक नव्हे. नोंदीपासून १२ महिन्यांच्या आत आईबापांनी निबंधकाला नाव कळवावे. ते फुकट लिहून मिळते. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. पण १५ वर्षे वाट कशाला बघायची? बारसे झाले की त्याच आठवड्यात जावे.

अक्षर चुकले असेल, तारीख चुकली असेल, आईचे किंवा बापाचे नाव चुकले असेल, तर निबंधकाकडे लेखी अर्ज द्यावा. सोबत खरे काय ते दाखवणारे कागद जोडावेत. दवाखान्याचे कागद, आईबापांचे आधार, लग्नाचा दाखला, जे असेल ते. चूक मोठी असेल तर खरी हकीकत ठाऊक असणाऱ्या दोन भरवशाच्या माणसांचे लेखी निवेदन लागते.

निबंधक जुनी नोंद खोडत नाही. कायद्याने तसे करता येत नाही. तो नोंदीच्या बाजूला, समासात, खरे काय ते लिहितो. खाली सही करतो आणि तारीख घालतो. जुने अक्षरही राहते, नवे अक्षरही राहते. म्हणून त्या दुरुस्तीला किंमत असते. कोणी दाखल्यावरच पेनाने अक्षर गिरवून दिले, तर तो कागद खराब झाला असे समजावे.

हे काम किती दिवसांत व्हावे? महाराष्ट्रात २०१५ सालापासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात ठरवून दिलेल्या सेवांची मुदत कार्यालयातल्या फलकावर लिहिलेली असते. तो फलक वाचा. अर्जाची पोच मागून घ्या. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

आईबापांचे नाव जुळत नसेल तर?

पाच वर्षांखालच्या मुलाचे कार्ड आईच्या किंवा बापाच्या आधारवर निघते. दोघांपैकी एकाचे पुरते. दाखल्यावर बापाचे नाव बरोबर आहे आणि आईचे जुळत नाही, तर बापाने केंद्रावर जावे. बापाचे जुळत नसेल तर आईने जावे. काम तेथे अडून राहत नाही. पण जुळत नाही तो कागद तसाच ठेवू नये. चूक दाखल्यावर असेल तर दाखला दुरुस्त करावा. आधारवर असेल तर आधार दुरुस्त करावे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर लग्न नोंदणीचा दाखला कामी येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून आधारवरचे नाव किंवा पत्ता केंद्रावर बदलायला ७५ रुपये ठरले आहेत. जास्त मागितले तर पावती मागा.

केंद्रावर काय करायचे?

पाच वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. डोळ्यांची खूणही घेत नाहीत. फक्त फोटो काढतात. ठसा आईने किंवा बापाने द्यायचा. हे कार्ड निळ्या रंगाचे असते. मूल पाच वर्षांचे झाले की ठसे द्यावे लागतात. पंधरा वर्षांचे झाले की पुन्हा द्यावे लागतात. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात ते फुकट होते.

माहिती यंत्रात घातली की ती पडद्यावर दिसते. "दाखवा," असे म्हणा. नाव वाचा. तारीख वाचा. स्त्री की पुरुष ते वाचा. पत्ता वाचा. दाखला हातात धरून अक्षराला अक्षर लावा. इंग्रजी वाचता येत नसेल तर इंग्रजी शिकणारे घरचे पोर बरोबर न्या. सगळे बरोबर असेल तरच सही करा. मग पावती मिळते. तिच्यावर १४ आकडी क्रमांक, तारीख आणि वेळ असते. ती जपून ठेवा. अडचण आली तर १९४७ या क्रमांकावर फोन करा. देश स्वतंत्र झाला ते साल, म्हणून लक्षात राहते.

पूर्वी आपण अंगठा उठवून परत येत होतो. काय लिहिले ते कळत नव्हते. आता वाचता येते. मग न वाचता सही का करायची?

खोट्याच्या वाटेला जाऊ नका

काही लोक शाळेत लवकर घालायचे म्हणून मुलाची तारीख मागे सरकवतात. काही जण पैसे देऊन नवा दाखला करून आणतात. खोटा कागद करणे हा गुन्हा आहे. शिवाय एक खोटा कागद सांभाळायला आणखी चार खोटे कागद लागतात. ते ओझे मुलाच्या डोक्यावर जन्मभर राहते.

आणि कार्ड नाही म्हणून मूल घरी बसवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला आहे. शाळेत प्रवेश देताना आधारची सक्ती करता येत नाही. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा लाभ बंद करता येत नाही. कार्ड निघेपर्यंत मूल शाळेत जाऊ द्या.

शाळेत नाव घालताना दाखला घेऊन जा. रजिस्टरात त्यावरूनच नाव आणि तारीख लिहायला सांगा. लिहिलेले वाचून पाहा. चूक असेल तर मूल शाळेत आहे तोवरच मुख्याध्यापकांकडे अर्ज करा. ते प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात. शाळा सोडल्यावर ही दुरुस्ती फार जड जाते.

आज घरी गेल्यावर

१. पेटीतले सगळे कागद बाहेर काढा.

२. मुलाचा जन्माचा दाखला मध्ये ठेवा. आईबापांचे आधार, रेशनकार्ड आणि लग्नाचा दाखला बाजूला ठेवा.

३. मुलाचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख प्रत्येक कागदावर मोठ्याने वाचा.

४. जेथे फरक दिसेल तो वहीत लिहा. कागदावर खूण करू नका.

५. जन्माच्या नोंदीत चूक असेल तर आधी निबंधकाकडे जा. केंद्रावर मागाहून जा.

एवढे काम एका संध्याकाळचे आहे. दिवा लावून सगळ्यांनी मिळून बसावे. शाळेत जाणारे मूल असेल तर वाचायला त्यालाच पुढे बसवावे. आपले नाव कसे लिहितात, हे त्यालाही कळेल.