डोंगरी झेब्रा आणि बंदुकीचं श्रेय

गैरसमज: झेब्रे आफ्रिकेत पैशाला पासरी आहेत, दोन-चार मारले तर काय बिघडतं?

गवताळ मैदानांतले झेब्रे भरपूर आहेत, हे खरं. डोंगरी झेब्रा मात्र वेगळी जात. गळ्याखाली बैलासारखी लोंबती कातडी, पोट पांढरं, खडकावर टिकणारे कणखर खूर. नामिबिया आणि लगतच्या भागातला हार्टमन आणि दक्षिण आफ्रिकेतला केप, असे त्याचे दोन प्रकार.

गैरसमज: शिकाऱ्यांच्या पैशामुळेच हा प्राणी वाचला.

शिकार-पर्यटनवाले हे छातीठोकपणे सांगतात. केप झेब्र्याचा इतिहास वेगळं सांगतो. बेसुमार शिकार झाली, चराई मेंढ्या-गुरांनी बळकावली, आणि 1950च्या दशकात शंभरही झेब्रे उरले नाहीत. 1937मध्ये तिथल्या क्रॅडॉक गावाजवळ खास त्यांच्यासाठी राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा तिथे होते 5 नर आणि मादी अवघी 1! तो कळप टिकला नाही. 1950मध्ये शेजारच्या शेतावरून 11 झेब्रे मिळाले आणि तिथून वंश पुढे सरकला. संख्या वाढल्यावर जनावरं उचलून इतर राखीव क्षेत्रांत नेली गेली. म्हणजे त्याला वाचवलं ते बंदी, कुंपण आणि स्थलांतर यांनी. 2016मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइटिस’ करारातलं त्याचं स्थान कडक निर्बंधांच्या पहिल्या परिशिष्टातून सैल दुसऱ्यात आलं आणि ट्रॉफींची, म्हणजे शिकारीतल्या कातडी-मुंडक्यांची, निर्यात सुकर झाली, तोवर ही संख्या काही हजारांवर पोचली होती. शिकार आली ती तयार पिकावर.

गैरसमज: मग शिकार पूर्ण बंद करणं हाच उपाय.

1972च्या वन्यजीव कायद्याच्या छायेत वाढलेल्या आपल्याला हे पटकन पटतं. पण केनियाने 1977मध्ये शिकार बंद केली, तरी तिथले बरेच वन्यप्राणी घटतच गेले. शेती, कुंपणं आणि गुरं वाढली की प्राण्याला जागा उरत नाही. नामिबियाने 1996मध्ये कायदा बदलून गावांच्या संघटनांना, तिथल्या भाषेत ‘कॉन्झर्वन्सीं’ना, वन्यप्राण्यांच्या वापराचे हक्क दिले. प्राण्यांची मोजणी होते, त्यावरून कोटा ठरतो, शिकारीचं शुल्क कॉन्झर्वन्सीला मिळतं आणि मांस बहुधा गावात वाटलं जातं. कोरड्या नदीपात्रात खूर मारून पाणी काढणारा हार्टमन झेब्रा आणि तहानलेली गुरं एकाच पाण्यावर येतात, तेव्हा झेब्र्याची किंमत गावाला कळलेली बरी. सगळ्याच कॉन्झर्वन्सींचा हिशेब चोख असतो असं मात्र नाही.

गैरसमज: म्हातारा नर मारला तर कळपाला फरक पडत नाही.

पडतो. एक नर, मोजक्या माद्या आणि त्यांची शिंगरं असं हे कुटुंब वर्षानुवर्षं एकत्र राहतं. कुटुंबप्रमुख गेला की दुसरा नर कळप ताब्यात घेतो, घडी विस्कटते. त्यात नर-मादी लांबून सारखीच दिसतात. म्हणून मारायचाच, तर कुटुंब नसलेल्या सड्या नरांच्या टोळीतला निवडावा.

गैरसमज: खरा धोका बंदुकीचाच.

केप झेब्र्याला आज मोठी भीती रक्ताची, म्हणजे वंशातल्या एकसुरीपणाची आणि भेसळीची आहे. मूळ कळप तीनच ठिकाणी उरले होते: क्रॅडॉक, काम्मानासी आणि गाम्काबर्ग. आजचे बहुतेक झेब्रे क्रॅडॉकच्याच वंशातले. उरलेल्या दोघांचं रक्त फारसं पसरलेलं नाही. खासगी शिकार-फार्मवर हार्टमन किंवा मैदानी झेब्रा जवळ आला तर संकराचाही धोका असतो. तेव्हा ट्रॉफीचा परवाना देताना केवळ संख्या मोजणं पुरेसं नाही, जनावर कुठल्या कळपाचं आहे हेही आधी पाहायला हवं.